हेडिंग वेगळं, हेडर वेगळं! वर्डमध्ये पुस्तक लावताना झालेला गोंधळ

अर्धविराम

मंडळी, मदत हवी आहे. वडिलांच्या आठवणींचं हस्तलिखित मी गेले पाच महिने टाईप करतेय. २१२ पानं, १४ प्रकरणं. मजकूर झाला, शुद्धलेखन झालं, आता फक्त 'जरा नीटनेटकं' करायचं होतं आणि तिथेच गाडी रुतली.

प्रकरणांची नावं मोठ्या अक्षरात, ठळक, मधोमध अशी केली आहेत. नवं प्रकरण नव्या पानावर यावं म्हणून एंटर मारत गेले. अनुक्रमणिका हाताने केली, टिंबं टाकून. (हसू नका.) मग वाटलं, छापील पुस्तकात पानाच्या माथ्यावर प्रकरणाचं नाव असतं तसं करावं. पहिल्या प्रकरणात पानाच्या वरच्या समासात दोनदा क्लिक करून 'अंगण' लिहिलं. छान आलं. दुसऱ्यात जाऊन 'शाळा' लिहिलं, तर पहिल्यातही 'शाळा' झालं. तरी मी नेटाने चौदाव्यापर्यंत गेले. आता २१२च्या २१२ पानांवर 'निरोप' लिहिलेलं आहे.

चौदा वेगळ्या फाइली करू का? वर्ड २०१९ आहे.

टाचणी

चौदा फाइली अजिबात नकोत, पान क्रमांक जुळवता जुळवता वेड लागेल. हेडर (पानाच्या माथ्यावरचा मजकूर) एका पानाचं नसतं, सेक्शनचं म्हणजे फाइलच्या एका स्वतंत्र मांडणीच्या तुकड्याचं असतं. तुमची अख्खी फाइल हा एकच सेक्शन, म्हणून हेडरही एकच. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी लेआउट – ब्रेक्स – नेक्स्ट पेज असा सेक्शन ब्रेक घाला. मग पुढच्या प्रकरणाच्या हेडरमध्ये जाऊन 'लिंक टू प्रीव्हियस' बंद करा आणि नाव लिहा. झालं काम.

अर्धविराम

टाचणी, आभार. पण झालं नाही काम. दुसऱ्यापर्यंत जमलं. तिसऱ्याचं नाव लिहिलं तर चौथ्यापासून चौदाव्यापर्यंत तेच उमटलं. शिवाय मधला एक ब्रेक चुकून खोडला गेला, तर वरच्या प्रकरणाचं हेडर गायब आणि तिथे खालच्याचं नाव. हे काय गौडबंगाल आहे?

खोडरबर

गौडबंगाल नाही, साखळी आहे. प्रत्येक सेक्शन आपल्या आधीच्याकडे बघतो. तिसऱ्याची कडी तुम्ही दुसऱ्यापासून तोडली, पण चौथा अजून तिसऱ्यालाच बांधलेला आहे, पाचवा चौथ्याला. म्हणून आधी सगळ्या सेक्शनमध्ये फिरून कड्या तोडायच्या आणि मग लिहायला बसायचं. फुटरची (पानाच्या तळाशी येणाऱ्या मजकुराची) साखळी वेगळी असते हेही लक्षात ठेवा. हेडरची कडी तोडली म्हणून फुटरची तुटत नाही.

ब्रेक खोडण्याचं असं की सेक्शनचे समास, हेडर, पान क्रमांकाची पद्धत हे सगळं त्याच्या *शेवटच्या* ब्रेकमध्ये साठवलेलं असतं. तो खोडला की वरचा मजकूर खालच्या सेक्शनमध्ये मिसळतो आणि खालच्याचेच कपडे घालतो. कंट्रोल+झेड मारा, परत येईल. आणि होम टॅबवरचं ते उलट्या 'पी'सारखं चिन्ह आहे ना, ते एकदा दाबून चालू ठेवा आणि काम करा. ब्रेक, एंटर, स्पेस सगळं दिसतं. डोळे मिटून खोडत बसायची वेळ येत नाही.

तळघर

जरा थांबा. टाचणी आणि खोडरबर दोघंही बरोबर सांगतायत, पण अर्धविरामताईंच्या दुखण्याचं मूळ हेडरमध्ये नाहीच. ते हेडिंगमध्ये आहे.

ताई, तुम्ही प्रकरणांची नावं मोठी आणि ठळक केलीत. माणसाला ते प्रकरणाचं नाव आहे हे बघून कळतं. वर्डला काय कळतं? 'इथे एक परिच्छेद आहे, अक्षरं मोठी आहेत.' बस. ते प्रकरण आहे हे तुम्ही त्याला सांगितलेलंच नाही. त्यामुळे अनुक्रमणिका हाताने, नवं पान हाताने, हेडरमधलं नावही चौदा वेळा हाताने. सांगायची रीत म्हणजे स्टाइल.

असं करा. पहिल्या प्रकरणाच्या नावावर कर्सर ठेवा आणि कंट्रोल+ऑल्ट+१ दाबा. ही 'हेडिंग १' स्टाइल. नाव निळं, डावीकडे सरकलेलं, भलत्याच फाँटमध्ये दिसेल. इथेच निम्मे लोक 'शी' म्हणून परत जातात आणि आयुष्यभर ठळक-मोठं करत राहतात. तुम्ही जाऊ नका. ते एक नाव तुम्हाला हवं तसं सजवा: काळं, मधोमध, जे हवं ते. मग वर स्टाइल्सच्या पट्टीत 'हेडिंग १'वर उजवं क्लिक करून 'अपडेट हेडिंग १ टु मॅच सिलेक्शन' निवडा. आता उरलेल्या तेरा नावांवर कंट्रोल+ऑल्ट+१. सगळी एकसारखी. पुढे कधी आकार बदलावासा वाटला तर एकदाच बदलायचा.

उपशीर्षकांना कंट्रोल+ऑल्ट+२. ती बरीच असतील तर एकेक करू नका. एक निवडा, होम टॅबच्या उजव्या टोकाला 'सिलेक्ट' आहे, त्यात 'सिलेक्ट टेक्स्ट विथ सिमिलर फॉरमॅटिंग'. सारखी दिसणारी सगळी एका दमात निवडली जातात, मग एकदाच स्टाइल लावायची. पण आधी नजर फिरवा, मजकुरातलं एखादं ठळक वाक्यही त्यात ओढलं गेलेलं असतं. जुन्या हातसजावटीचे अवशेष राहिलेच तर ते निवडून कंट्रोल+स्पेस (अक्षरांची सजावट जाते) आणि कंट्रोल+क्यू (परिच्छेदाची जाते).

ते एंटर सगळे उडवा. 'हेडिंग १'वर उजवं क्लिक करून मॉडिफाय उघडा, तिथे फॉरमॅट – पॅराग्राफ – लाइन अँड पेज ब्रेक्समध्ये 'पेज ब्रेक बिफोर'वर खूण करा. प्रकरण आपोआप नव्या पानावर जाईल. त्याच खिडकीत 'कीप विथ नेक्स्ट' दिसेल, त्यावर खूण आधीच असते. तिच्यामुळेच उपशीर्षक पानाच्या तळाशी एकटं आणि मजकूर पुढच्या पानावर असं होत नाही. तिला हात लावू नका.

मात्र मॉडिफायच्या खिडकीत 'ऑटोमॅटिकली अपडेट' नावाचा चौकोन दिसला तर तो रिकामाच ठेवा. त्यावर खूण असली की एका हेडिंगला सहज केलेला बदल सगळ्यांना लागतो.

आता खरी गंमत. हेडरमध्ये नाव *लिहायचंच नाही*. हेडर उघडा, इन्सर्ट – क्विक पार्ट्स – फील्ड, यादीतून 'स्टाइलरेफ' घ्या, शेजारी 'हेडिंग १' निवडा, ओके. हे फील्ड प्रत्येक पानावर 'हेडिंग १' शोधतं. पानावर नसेल तर मागे जात जात जे पहिलं सापडेल ते दाखवतं. म्हणजे १४ प्रकरणं, पण हेडर एकच. साखळ्या तोडायचं कामच उरलं नाही.

टाचणी

हे स्टाइलरेफ प्रकरण मला दहा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मी कड्या तोडतच बसलो होतो की! 🙏

पानगळ

तळघरबुवा, एक भर. प्रकरणाच्या पहिल्या पानावर हेडर नको असतं बऱ्याच पुस्तकांत. तिथे नाव आधीच मोठ्या अक्षरात आहे, वर पुन्हा बारीक अक्षरात तेच म्हणजे दारावर पाटी आणि पाटीवर पाटी. त्यासाठी 'डिफरंट फर्स्ट पेज' वापरावं लागतं आणि ते सेक्शनच्या पहिल्या पानालाच लागू होतं. म्हणजे सेक्शन ब्रेक पुन्हा आले.

तळघर

आले, पण निरुपद्रवी झाले. हेडरमध्ये स्टाइलरेफ असल्यामुळे सगळे सेक्शन एकमेकांना बांधलेलेच राहू द्यायचे. पहिल्या पानाचं हेडर रिकामं, बाकीचं स्टाइलरेफचं. फक्त नेक्स्ट पेज ब्रेक घातला तर 'पेज ब्रेक बिफोर'ची खूण काढा, दोन्ही एकाच कामाला कशाला? आणि 'डिफरंट फर्स्ट पेज' प्रत्येक सेक्शनचं वेगळं ठरतं, तर 'डिफरंट ऑड अँड ईव्हन' अख्ख्या फाइलला लागतं. ते लावलं की डाव्या पानावर पुस्तकाचं नाव आणि उजव्यावर प्रकरणाचं, असं करता येतं.

अर्धविराम

तळघर, तुमचे शब्द वाचत वाचत केलं. हेडर चाललं!! २१२ पानं खाली-वर करून तीनदा बघितलं.

पण एक विचित्र गोष्ट. 'हेडिंग १'चा आकार मॉडिफायमध्ये २२ केला, तर 'प्रकरण १' मधला १ मोठा झाला (तो मी इंग्रजी आकडा ठेवलाय) आणि 'अंगण' तेवढंच राहिलं. फाँट बदलला तरी तेच.

मात्रावेलांटी

या प्रश्नावर मी वाट बघत बसले होते. 🙂

वर्डच्या लेखी देवनागरी ही 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' आहे. स्टाइलमध्ये रोमन अक्षरांचा फाँट-आकार वेगळा आणि कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचा वेगळा साठवला जातो. ठळकपणाही वेगळा. तुम्ही पहिला बदललात, मराठीला दुसरा लागतो. मॉडिफाय – फॉरमॅट – फाँट उघडा, तिथे 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स'चा स्वतंत्र चौकट-संच असेल, त्यात फाँट, ठळक आणि २२ घाला. तो दिसत नसेल तर वर्डच्या ऑप्शन्समध्ये लँग्वेजखाली मराठी जोडा आणि वर्ड बंद करून पुन्हा उघडा. लिब्रेऑफिसमध्येही (वर्डसारखाच फुकट प्रोग्राम) हेच दुखणं आहे, तिथे भाषांच्या सेटिंगमध्ये 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' चालू करावं लागतं.

विषय निघालाच आहे तर मराठी शीर्षकांबद्दल थोडं बोलते. इंग्रजी पुस्तकं बघून केलेली सजावट देवनागरीला जशीच्या तशी चढत नाही.

ओळींमधलं अंतर 'एक्झॅक्टली' ठेवू नका. मोठ्या अक्षरांच्या शीर्षकात रफार, वेलांट्या, अनुस्वार वरून कापले जातात. पडद्यावर तुटलेले दिसतात आणि छापूनही तसेच येतात. 'मल्टिपल' किंवा 'सिंगल' ठेवा. अक्षरांमधलं अंतर वाढवून रुबाबदार करायचा मोह टाळा, शिरोरेषा तुटून अक्षरं दातांच्या फटींसारखी दिसतात. अधोरेखा उकार-रुकारांतून आरपार जाते. 'अनुभूती'ला अधोरेखित करून बघा म्हणजे कळेल. आणि तिरपी देवनागरी... जाऊ दे, ती माझी वैयक्तिक चीड आहे. पण बहुतेक देवनागरी फाँटांना खरा तिरपा कट नसतोच, वर्ड नुसतं ढकलून वाकडं करतं. इंग्रजीतल्यासारखी कॅपिटल अक्षरं आपल्याकडे नाहीत, त्यामुळे दर्जा दाखवायला उरतं काय? आकार, जाडी आणि मोकळी जागा. मोकळी जागा एंटरने नाही, स्टाइलमधल्या 'स्पेसिंग बिफोर' आणि 'आफ्टर'ने. शीर्षकाच्या वर जास्त, खाली कमी, म्हणजे ते कुणाचं शीर्षक आहे हे दिसतं.

आकाराचे आकडेही फसवे. 'कोकिळा' किंवा 'अपराजिता' १४ला जेवढे दिसतात त्याहून 'मंगल' किंवा 'निर्मला यूआय' त्याच आकड्याला बरेच मोठे दिसतात. दुसऱ्याच्या फाइलीतला आकडा उचलू नका, कागदावर काढून बघा.

उपद्व्यापी

माझ्याकडे जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटातलं एक पुस्तक आहे. पानावर मराठी झकास दिसतं, पण नॅव्हिगेशन पेनमध्ये (बाजूला येणाऱ्या शीर्षकांच्या यादीत) शीर्षकांच्या जागी 'डीकेजे;एल' छापाची इंग्रजी अगम्य अक्षरं. बिघाड कुठे?

मात्रावेलांटी

बिघाड नाही, तेच खरं रूप आहे. त्या फाँटात फाइलमध्ये मुळात इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फक्त फाँट त्यांना मराठीचं सोंग देतो. नॅव्हिगेशन पेन मजकूर स्वतःच्या फाँटात दाखवतं, सोंग उतरतं. पीडीएफच्या बुकमार्कमध्येही तेच होणार. युनिकोडमध्ये रूपांतर करणं हा एकच इलाज, आणि नंतर डोळ्यांत तेल घालून जोडाक्षरं तपासणं.

कानोसा

धागा उशिरा पाहिला. मला दिसत नाही, मी एनव्हीडीए (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम) वापरून वाचतो, म्हणून माझ्या बाजूने दोन शब्द.

ठळक-मोठं शीर्षक मला ऐकू येत नाही. ते इतर वाक्यांसारखंच एक वाक्य. खरी हेडिंग स्टाइल असेल तर एनव्हीडीए आधी 'हेडिंग लेव्हल वन' म्हणतो आणि मग नाव. वर्डमध्ये एनव्हीडीए+स्पेसने ब्राउझ मोडमध्ये गेलं की नुसतं 'एच' अक्षर दाबून मी एका शीर्षकावरून पुढच्यावर उडी मारतो, १ दाबून प्रकरणांवर, २ दाबून उपशीर्षकांवर. तुम्ही पान चाळता ना, ते माझं चाळणं. अशा उड्या मारता आल्या नाहीत तर २१२ पानं सुरुवातीपासून ऐकावी लागतात.

म्हणून पातळ्या गाळू नका. '२ची अक्षरं आवडली नाहीत म्हणून थेट ३ लावलं' असं बरेच जण करतात. मला वाटतं मधलं काहीतरी ऐकायचं राहिलं, आणि मी मागे जाऊन शोधत बसतो. आवडत नसेल तर २चं रूप बदला.

उलट हेडरमधला मजकूर वाचताना आपोआप ऐकू येत नाही, तो वेगळा जाऊन वाचावा लागतो. त्यामुळे हेडरमध्ये फक्त पुनरावृत्ती असावी. 'हा कच्चा खर्डा आहे' अशी सूचना कुणी फक्त हेडरमध्ये टाकली तर ती माझ्यापर्यंत पोचेलच असं नाही.

पीडीएफ करताना 'प्रिंट'मधून करू नका, सगळी रचना गळून पडते. सेव्ह ॲजमधून पीडीएफ निवडा, ऑप्शन्समध्ये 'क्रिएट बुकमार्क्स युजिंग हेडिंग्ज' आणि 'डॉक्युमेंट स्ट्रक्चर टॅग्ज' या दोन्हींवर खूण हवी.

अर्धविराम

कानोसा, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. उपशीर्षकं मी तिसऱ्या पातळीवर ठेवली होती, तुम्ही म्हणता त्याच कारणासाठी. आत्ता बदलली.

तिरपाकडा

सगळं ठीक, पण हेडिंग-हेडर-स्टाइल-सेक्शन... मराठी संकेतस्थळ आहे ना हे?

पानगळ

आले. बरं, हेडिंगला 'शीर्षक' म्हणू, मग टायटलला काय म्हणणार? आणि हेडर 'शीर्षलेख' म्हटलं तर नवखा माणूस तो शीर्षकाचाच भाऊ समजणार. या धाग्याचा अर्धा गोंधळ तिथूनच आहे.

खोडरबर

मी हेडरला 'माथपट्टी' म्हणतो आणि फुटरला 'तळपट्टी'. घरच्या घरी. मेनूत मात्र जे लिहिलंय तेच सांगावं, नाहीतर लोक माथपट्टी शोधत बसतील.

तिरपाकडा

माथपट्टी मंजूर.

रिकामीओळ

लिब्रेऑफिसवाल्यांसाठी. शीर्षकाला कंट्रोल+१, कंट्रोल+२ (ऑल्ट नाही). माथपट्टी इथे सेक्शनची नसून पेज स्टाइलची असते, हा मोठा फरक. वर्डची सवय घेऊन आलात की सेक्शन शोधत बसता आणि इथला सेक्शन म्हणजे भलतंच काहीतरी निघतं. प्रकरणाचं नाव आपोआप हवं असेल तर माथपट्टीत कर्सर ठेवून कंट्रोल+एफ२, डॉक्युमेंट टॅबमध्ये 'चॅप्टर' (नव्या आवृत्तीत तिथे 'हेडिंग' दिसेल). उड्या मारायला एफ५ने नॅव्हिगेटर.

उपद्व्यापी

गूगल डॉक्समध्ये कंट्रोल+ऑल्ट+१ ते ६ आहे, डावीकडे आउटलाइन येते, 'अपडेट हेडिंग १ टु मॅच' पण आहे. पुस्तकासाठी मी तरी वापरणार नाही.

अर्धविराम

हातची अनुक्रमणिका फेकून दिली. रेफरन्सेस – टेबल ऑफ कंटेंट्स, दोन क्लिकमध्ये नवी आली. हाताने केलेल्या यादीतले सहा पान क्रमांक चुकीचे होते असं आता कळलं.

तीन अडचणी राहिल्यात. एक, 'पाऊस आणि पाण्याखालचं गाव' हे नाव मी दोन ओळींत तोडलंय, ते अनुक्रमणिकेतही तुटलेलंच आलं. दोन, अनुक्रमणिकेचा फाँट बदलते, अपडेट केलं की परत जातो. तीन, 'मनोगता'च्या पानांवर माथपट्टीत 'अंगण' दिसतंय! मनोगत तर अंगणाच्या आधी आहे.

तळघर

एक: शिफ्ट+एंटरने तोडलं असणार, ते अनुक्रमणिकेत तसंच जातं. तोडू नका, शीर्षकाच्या स्टाइलला डावी-उजवीकडून इंडेंट द्या, ओळ आपली आपण वळेल.

दोन: अनुक्रमणिकेच्या ओळींना स्वतःच्या स्टाइल असतात, 'टीओसी १', 'टीओसी २'. त्या मॉडिफाय करा (कॉम्प्लेक्स स्क्रिप्टची चौकट विसरू नका, नाहीतर मात्रावेलांटी ओरडतील).

तीन: हे मी सांगायला हवं होतं, चूक माझी. स्टाइलरेफला पानावर आणि मागेही काही सापडलं नाही की ते पुढे शोधतं. मनोगताला तुम्ही 'हेडिंग १' दिलेलं नसणार, म्हणून पुढचं पहिलं शीर्षक उचललं. मनोगताला 'हेडिंग १' द्या, किंवा ती सुरुवातीची पानं वेगळ्या सेक्शनमध्ये ठेवून पहिल्या प्रकरणाची कडी तोडा आणि मनोगताची माथपट्टी रिकामी करा. तुमच्या अख्ख्या पुस्तकात तोडायची ही एकच कडी.

अर्धविराम

कडी तोडली. मनोगत स्वच्छ.

काल बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पहिली दहा पानं बघितली आणि म्हणाले, नववं प्रकरण चौथ्याच्या आधी यायला हवं. मागच्या महिन्यात हे ऐकून मी रडले असते. नॅव्हिगेशन पेनमध्ये 'नदी' धरलं आणि ओढून चौथ्या प्रकरणाच्या आधी सोडलं, सगळी सतरा पानं उपशीर्षकांसकट सरकली, माथपट्ट्या बदलल्या. अनुक्रमणिकेवर एफ९ दाबून 'अपडेट एंटायर टेबल' केलं. अर्धं मिनिटही लागलं नाही. ते बघत होते.

आता त्यांना कळलंय की हे अर्ध्या मिनिटात होतं. सकाळपासून 'नदी' तीनदा हलली आहे. सध्या ती पुन्हा नवव्या जागी आहे.